‘तासांचा फरक’ हा कॉलम काढून टाका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली सहा-सात जणांची कंपनी डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटांचं सॉफ्टवेअर बनवते. आतापर्यंत गिऱ्हाइकं भारत, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेतली होती. डेटाबेसमध्ये प्रत्येक देशापुढे ‘भारतापेक्षा किती तास पुढे-मागे’ असा एक आकडा ठेवला आणि कधी अडचण आली नाही. आता बैरूत, अम्मान आणि कैरोची रुग्णालयं येताहेत. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, तेव्हा ‘उन्हाळी फरक’ असा आणखी एक कॉलम आणि सोबत सुरू-बंदच्या तारखा ठेवल्या की भागेल का?

नाही भागणार. माझं म्हणणं तर असं आहे की पहिला कॉलमसुद्धा काढून टाका. मी २२ वर्षं वेळापत्रकांच्या सॉफ्टवेअरवर काम करतोय आणि या कामातल्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होताना पाहिल्या आहेत: दोन देशांमधला वेळेचा फरक हा अंतरासारखा कायमचा ठरलेला असतो. पुणे-काठमांडू अंतर बदलत नाही, पण दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक बदललेला आहे, पुढेही बदलू शकतो, आणि तो बदलताना तुम्हाला कोणी विचारणार नाही.

आधी आपल्याच शेजाराकडे बघू, कारण हा भाग स्थिर आहे असं तुम्ही गृहीत धरलंय.

श्रीलंकेची वेळ आज आपल्याइतकीच आहे, यूटीसीच्या (जगातली सगळी घड्याळं जिच्यापासून मोजतात त्या समान वेळेच्या) साडेपाच तास पुढे. पण १९९६ साली पाऊस कमी पडला, धरणं आटली, वीज पुरेना. तेव्हा २५ मे रोजी तिथली घड्याळं एकदम एक तास पुढे केली गेली. ते लोकांना जड गेलं म्हणून ऑक्टोबरात अर्धा तास मागे घेतली. मग जवळजवळ दहा वर्षं कोलंबो चेन्नईच्या अर्धा तास पुढे राहिलं आणि १५ एप्रिल २००६ ला पुन्हा साडेपाचवर आलं. या काळात उत्तरेकडच्या एलटीटीईच्या ताब्यातल्या भागात जुनीच वेळ चालू होती. एका छोट्या बेटावर एकाच दिवशी दोन वेळा होत्या, आणि तुमच्या तक्त्यात ‘श्रीलंका’ ही एकच ओळ आहे.

पाकिस्तानची वेळ आपल्या अर्धा तास मागे. फाळणीनंतरची पहिली काही वर्षं तिथे साडेपाचच होती, १९५१ मध्ये पश्चिम पाकिस्तान पाचवर गेला. २००२, २००८ आणि २००९ या तीन वर्षी त्यांनी उन्हाळी वेळ लावून पाहिली. त्या महिन्यांत वाघा सीमेवर उभं राहिलं तर पश्चिमेकडचं लाहोर पूर्वेकडच्या अमृतसरच्या अर्धा तास पुढे असायचं. सूर्य अमृतसरला आधी उगवायचा, घड्याळ लाहोरचं पुढे धावायचं. नकाशा पाहून वेळेचा अंदाज बांधणाऱ्या कुणालाही हे सुचणार नाही.

बांगलादेशाने फक्त एकदाच हे केलं. १९ जून २००९ च्या रात्री ११ वाजले आणि पुढच्या क्षणी १२. कारण पुन्हा वीजटंचाई. मुळात बेत सप्टेंबरअखेरपर्यंतचा होता, तो लांबत गेला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळ परत ११ वर आणलं गेलं. म्हणजे त्या वर्षी ढाक्यात वर्षअखेरचा शेवटचा तास दोनदा आला. मधल्या सहा महिन्यांत पेट्रापोल-बेनापोल सीमेवरचा फरक अर्ध्या तासाऐवजी दीड तास होता. (ढाक्याहून पूर्वेला आगरताळ्याला गेलात तर आजही घड्याळ अर्धा तास मागे करावं लागतं. आगरताळा ढाक्याच्या पूर्वेला आहे, पण त्रिपुरा भारतात आहे, एवढंच कारण.)

नेपाळचं पाऊण तासाचं गणित लोकांना विचित्र वाटतं, पण ते अगदी सरळ आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. भारताने मिर्झापूरजवळून जाणारं ८२.५ अंशाचं रेखावृत्त घेतलं, त्याला ४ ने गुणा, ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. नेपाळने गौरीशंकर शिखराजवळून जाणारं ८६ अंश १५ मिनिटांचं रेखावृत्त धरलं. त्याची होतात ३४५ मिनिटं, म्हणजे पावणेसहा तास. ही वेळ १९८६ च्या सुरुवातीपासून लागू आहे, त्याआधी तिथे साडेपाचच होते. म्हणून तुमच्याकडे नेपाळमधल्या एखाद्या रुग्णाच्या जन्मवेळेची १९८० सालची नोंद आली आणि तुम्ही आजचा पंधरा मिनिटांचा फरक लावला, तर उत्तर चुकेल.

एक जुना अनुभव सांगतो. आम्ही बनवलेल्या एका सिस्टिममध्ये वेळेचा फरक ‘अर्ध्या तासांची संख्या’ म्हणून पूर्णांकात ठेवला होता. भारत ११, बांगलादेश १२. हे ठरवलं तेव्हा नेपाळ कुणाच्याच डोक्यात नव्हतं. काठमांडूचं पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा साडेअकरा लिहिता येईना, मग कोणीतरी १२ लिहून टाकलं. रोज पंधरा मिनिटांची चूक. ती पकडायला आम्हाला दोन महिने लागले, कारण डॉक्टरकडे पंधरा मिनिटं थांबणं कुणालाच वावगं वाटत नाही. लहान चूक मोठीपेक्षा जास्त दिवस जगते, हे तेव्हा कळलं.

आणि आपण स्वतः? आपल्या देशात हे झंझट नाही, असं आपण समजतो. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आहे हे खरं, पण कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नव्हती. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. घरातल्या जुन्या माणसांच्या पत्रिका काढताना जाणकार ज्योतिषी ‘ही वेळ मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम’ असं विचारायचे ते यामुळेच. शिवाय दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतीय प्रमाणवेळ साडेसहा तासांवर होती. १९४४ सालच्या जन्मवेळेत एक तासाचा घोळ सापडला तर तो इथला असण्याची शक्यता मोठी. पंचांग वापरणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. मुंबईसाठी छापलेला सूर्योदय नागपूरला तसाच चालत नाही, त्यासाठी देशांतराचा संस्कार, म्हणजे रेखांशाप्रमाणे दुरुस्ती, करावा लागतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. स्थळ सांगितल्याशिवाय वेळ पूर्ण होत नाही ही समज आपल्याकडे जुनी आहे. संगणकावर काम करताना ती आपण का सोडतो, हे मला कळत नाही.

भारतात उन्हाळी वेळ का नाही, असंही तुम्ही ओघात विचारलंय. मुंबईत सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वात लहान अकरा तासांचा. लंडनमध्ये तेच आकडे साडेसोळाच्या वर आणि आठच्या खाली. बैरूत मधे पडतं, जवळपास साडेचौदा आणि दहा. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, घड्याळ पुढे करून संध्याकाळी वाचवण्यासारखा उजेड फारसा नसतो. आपली खरी अडचण पूर्व-पश्चिम पसाऱ्याची आहे. कच्छ ते अरुणाचल साधारण २९ रेखांश, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने जवळजवळ दोन तास. आसामच्या चहाच्या मळ्यांत ‘बागान टाइम’ म्हणून प्रमाणवेळेच्या एक तास पुढची वेळ वर्षानुवर्षं पाळली जाते. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी साडेसहा तासांची वेगळी वेळ असावी असा प्रस्तावही मांडला. तो अमलात आलेला नाही. पण उद्या आला, तर ‘भारत = ५.५’ असं कोडमध्ये चारशे ठिकाणी लिहून ठेवलेल्यांचं काय होईल, याचा विचार आजच करा.

आता तुमच्या नव्या गिऱ्हाइकांकडे येतो. नियम सतत बदलणारे जगात जे काही प्रदेश आहेत, त्यांपैकी हा एक.

आजच्या नियमांनुसार उन्हाळ्यात बैरूत, दमास्कस, अम्मान, जेरुसलेम आणि कैरो सगळीकडे यूटीसीच्या तीन तास पुढे, म्हणजे आपल्या अडीच तास मागे. हिवाळ्यात बैरूत, जेरुसलेम आणि कैरो दोनवर येतात, अम्मान आणि दमास्कस तीनवरच राहतात. बैरूत ते दमास्कस रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर, पुणे-मुंबईपेक्षाही कमी. तेवढ्या वाटेवर हिवाळ्यात एक तासाचा फरक आणि उन्हाळ्यात शून्य. जिथे उन्हाळी वेळ आहे तिथेही ती एकाच दिवशी लागत नाही. २०२४ मध्ये इस्रायलने २९ मार्चला, शुक्रवारी घड्याळं पुढे केली, लेबनॉनने ३१ मार्चला, रविवारी, आणि इजिप्तने थेट २६ एप्रिलला. मधले जवळपास चार आठवडे कैरो बैरूतच्या एक तास मागे होतं. तुमच्या दुसऱ्या कॉलममध्ये ‘उन्हाळा’ कधीपासून लिहिणार?

तारखा देशागणिक ठेवल्या तरी त्या टिकत नाहीत. इजिप्तने २०१६ मध्ये उन्हाळी वेळ ऐन वेळी रद्द केली आणि २०२३ मध्ये परत आणली. तुर्कस्तानने २०१६ पासून वर्षभर उन्हाळीच वेळ ठेवली. त्या हिवाळ्यात सायप्रसच्या उत्तर भागाने तुर्कस्तानची वेळ धरली आणि दक्षिण भागाने युरोपची, त्यामुळे निकोसिया शहरात रस्ता ओलांडला की तास बदलायचा. देश हे वेळेचं एकक नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

जॉर्डनचा फटका मी स्वतः खाल्लाय. ऑक्टोबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात जॉर्डन आणि सीरियाने जाहीर केलं की २८ तारखेला घड्याळं मागे जाणार नाहीत, आता कायम तीन तास. हाताशी तीन आठवडे. आमच्याकडे अम्मानच्या एका रुग्णालयाच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या अपॉइंटमेंटा आधीच नोंदलेल्या होत्या, आणि आम्ही सगळ्यांप्रमाणे त्या यूटीसीत बदलून ठेवल्या होत्या. सकाळी ९ ची वेळ, हिवाळ्याचे २ तास वजा, डेटाबेसमध्ये ७. नवा नियम लागल्यावर त्याच ७ चे डॉक्टरांच्या पडद्यावर १० झाले. रुग्ण ९ ला येऊन बसले. खरी पंचाईत पुढे होती. नवा नियम सर्व्हरवर चढवल्यानंतर ज्या अपॉइंटमेंटा घेतल्या गेल्या, त्या बरोबर होत्या. चुकीच्या आणि बरोबर नोंदी दिसायला हुबेहूब सारख्या. कुठली नोंद कुठल्या सर्व्हरने, तो अद्ययावत होण्याआधी घेतली की नंतर, हे लॉगमधून शोधत आम्ही चार जण दोन दिवस बसलो होतो. रुग्णाला ‘९’ सांगितलं होतं, आणि तो ९ आम्ही कुठेच जपून ठेवला नव्हता.

म्हणून ‘सगळं यूटीसीत ठेवा’ हा जो सल्ला सगळीकडे दिला जातो, तो अर्धाच खरा आहे. घडून गेलेल्या गोष्टींसाठी तो उत्तम: रक्त कधी काढलं, पैसे कधी भरले, लॉगिन कधी झालं. तो क्षण होऊन गेलाय, आता कुठलंही सरकार तो हलवू शकत नाही. पुढच्या अपॉइंटमेंटचं तसं नसतं. तिथे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात ठरलेलं असतं ते ‘अम्मानच्या घड्याळात मंगळवारी ९ वाजता’ एवढंच. तेच जसंच्या तसं ठेवा: तारीख, स्थानिक वेळ आणि स्थळाचं नाव. यूटीसी हवा असेल तर तो शेजारच्या कॉलममध्ये, यातून काढलेला, कधीही पुसून पुन्हा मोजता येईल असा.

स्थळाचं नाव म्हणजे टाइम झोन डेटाबेसमधलं नाव: ‘एशिया/अम्मान’, ‘एशिया/बैरूत’, ‘आफ्रिका/कैरो’, ‘एशिया/काठमांडू’. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला, पॉल एगर्ट सांभाळत आलेले आणि २०११ पासून आयाना या संस्थेच्या छत्राखाली असलेला हा डेटाबेस जगातले जवळपास सगळे फोन आणि सर्व्हर वापरतात. १९७० पासून ज्या भागातली घड्याळं एकसारखी चालली आहेत त्या भागाला तिथल्या एका शहराचं नाव, अशी त्याची पद्धत आहे. यादीत मुंबई किंवा दिल्ली शोधू नका, सगळ्या भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ आहे. श्रीलंकेचे तिन्ही बदल, ढाक्याचा दोनदा आलेला तास, वाघा सीमेवरची ती तीन वर्षं, हे सगळं त्यात आहे. हे तक्ते स्वतः लिहायच्या फंदात पडू नका.

फक्त हा डेटाबेस आपोआप ताजा राहतो असं समजू नका. मार्च २०२३ चं लेबनॉन आठवा. २५ मार्चच्या मध्यरात्री घड्याळं पुढे जायची होती. दोनच दिवस आधी सरकारने जाहीर केलं की रमजानमुळे हा बदल २० एप्रिलनंतर होईल. तिथल्या ख्रिश्चनांच्या मारोनाइट चर्चने ते मानलं नाही, काही शाळा आणि वाहिन्यांनीही नाही. रविवारी आणि सोमवारी देशात दोन वेळा चालू होत्या आणि एकाच इमारतीतली दोन कार्यालयं वेगवेगळ्या वेळी उघडत होती. सोमवारी मंत्रिमंडळाने निर्णय फिरवला आणि बुधवारच्या मध्यरात्री घड्याळं पुढे गेली. टाइम झोन डेटाबेसच्या मंडळींनी लेबनॉनसाठी तातडीने २०२३-बी ही आवृत्ती काढली आणि काही दिवसांतच ती मागे घेणारी २०२३-सी, जी आतून हुबेहूब २०२३-ए होती. ज्यांनी बी चढवली आणि सी चढवली नाही, त्यांचं त्या वर्षीचं बैरूत २० एप्रिलपर्यंत चुकीचं राहिलं. हे काम विनामोबदला, इतक्या काळजीने करणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तुमच्या यंत्रणेत या डेटाबेसची एकच प्रत नसते, हेही लक्षात ठेवा. लिनक्सची वेगळी, जावाची वेगळी, पोस्टग्रेसची कधी स्वतःची तर कधी लिनक्सची, आणि रुग्णाच्या फोनमधली तर तुमच्या हातातच नाही. पाच वर्षं अपडेट न झालेला अँड्रॉइड फोन अम्मानला अजूनही हिवाळ्यात दोनवर नेईल. म्हणून संदेशात वेळ लिहून पाठवायची ती सर्व्हरवर मोजलेली, शब्दांत: ‘मंगळवार, सकाळी ९, अम्मानची वेळ’. ‘आयएसटी’ हे लघुरूप लिहू नका. आपल्याला ते भारताचं वाटतं, जेरुसलेममध्ये इस्रायलचं, डब्लिनमध्ये आयर्लंडच्या उन्हाळ्याचं.

तुमचं सॉफ्टवेअर डॉक्टरांसाठी आहे, म्हणून एक गोष्ट खास सांगतो. ‘दर आठ तासांनी एक गोळी’ आणि ‘रोज सकाळी ८ ला एक गोळी’ या दोन वेगळ्या जातीच्या सूचना आहेत. पहिलीत आधीची गोळी घेतल्यापासूनचे तास मोजायचे, घड्याळ पुढे गेलं की गोळीची वेळ ८ वरून ९ दिसेल आणि ते बरोबर असेल. दुसरी भिंतीवरच्या घड्याळाला बांधलेली, तिथे ‘आधीच्या वेळेत २४ तास मिळवा’ असं केलं तर बदलाच्या दिवशी चुकाल, कारण तो दिवस २३ किंवा २५ तासांचा असतो. कुठली सूचना कुठल्या जातीची आहे हे डॉक्टरांनाच विचारून ठेवा, प्रोग्रामरने ठरवू नये. तसंच पुण्यातले डॉक्टर बैरूतच्या रुग्णाला दर आठवड्याला व्हिडिओवर भेटणार असतील, तर ती भेट कुणाच्या घड्याळाला बांधलेली आहे हे सुरुवातीलाच विचारा. पुण्याच्या २ वाजता धरली तर रुग्णाला हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेअकरा. मी शक्यतो रुग्णाचं घड्याळ धरतो. घड्याळाचा हा खेळ डॉक्टरांच्या कार्यालयाला जास्त सहज झेपतो.

कैरोची एक खोच राहिली. तिथे बदल मध्यरात्री होतो, गुरुवार संपतो आणि शुक्रवार थेट १ वाजता सुरू होतो. त्या शुक्रवारी ००:०० ही वेळच अस्तित्वात नसते. तुम्ही नुसती तारीख ‘त्या दिवशीची मध्यरात्र’ म्हणून साठवत असाल, तर काही लायब्ररी ती १ ला नेतात, काही आदल्या रात्री ११ ला, काही सरळ एरर देतात. म्हणजे अपॉइंटमेंट एक दिवस अलीकडे सरकू शकते. तारीख ही तारीख म्हणूनच ठेवा, तिला वेळ चिकटवू नका.

या आठवड्यात करायचं ते एवढं: प्रत्येक रुग्णालयाला, देशाला नव्हे, एका स्थळाचं नाव जोडा. पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंटांची स्थानिक वेळ नव्या कॉलममध्ये उतरवा, आणि ती यूटीसीवरून उलटी काढण्याऐवजी रुग्णाला गेलेल्या एसएमएसमधून घ्या, कारण खरा करार तो आहे. मग चाचणीसाठी या चार ठिकाणच्या वेळा घ्या: काठमांडूची कुठलीही, कैरोची २६ एप्रिल २०२४ ची मध्यरात्र, अम्मानची १ नोव्हेंबर २०२२ सकाळी ९, आणि ढाक्याची ३१ डिसेंबर २००९ रात्री साडेअकरा. शेवटच्या वेळेला तुमच्या सॉफ्टवेअरने ‘यातली पहिली की दुसरी?’ असं विचारायला हवं. ते न विचारता एकच उत्तर देत असेल, तर त्याने कुठली साडेअकरा धरली ते शोधून काढा आणि कोडमध्ये स्पष्ट लिहून ठेवा.